“आणखी काही गोळ्या?” डिप्रेशनची गोळी, काचबिंदूचे थेंब आणि माझे सोळा महिने

गेल्या आठवड्यात डोळ्यांची फाईल कपाटात ठेवताना लक्षात आलं की हे सगळं सुरू होऊन सोळा महिने झाले. मधल्या काळात कितीतरी रात्री मी मोबाईलवर ‘डिप्रेशनची गोळी आणि काचबिंदू’ असं टाकून शोधत बसायचे, आणि सापडायचं ते एकतर घाबरवून सोडणारं नाहीतर फक्त डॉक्टरांनाच कळेल असं. म्हणून जसं झालं तसं लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही, पेशंट आहे, त्यामुळे माझं वाचून कुणी गोळी किंवा थेंब परस्पर बदलू नका. मी ते केलंय आणि काय होतं ते खाली येईलच.

सुरुवात गोळीपासून झाली. नोव्हेंबरमध्ये मला सायकिअॅट्रिस्टकडे जावं लागलं. दोन महिने धड झोप नव्हती, रडू कधी फुटेल सांगता येत नव्हतं, आणि लिफ्टमध्ये शिरलं की छाती अशी धडधडायची की आता आपण मरतोय असंच वाटायचं. अपॉइंटमेंट मिळायला अकरा दिवस लागले, त्यातले नऊ दिवस ‘कॅन्सल करू का’ यातच गेले. मॅडमनी जवळजवळ तासभर ऐकून घेतलं, डिप्रेशन आणि पॅनिक दोन्ही आहे म्हणाल्या आणि पॅरॉक्सेटीन सीआर लिहून दिली, आधी १२.५ मिलिग्रॅम, मग दोन आठवड्यांनी २५. सोबत पहिल्या तीन आठवड्यांपुरती क्लोनाझेपाम, म्हणजे घाबरणं कमी करणारी आणि झोप आणणारी गोळी, अगदी लहान डोस. सीआरची गोळी तोडायची नाही, चावायची नाही, अख्खी गिळायची, कारण ती हळूहळू सुटावी म्हणून तशी बनवलेली असते, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

पहिले पंधरा दिवस वाईट गेले. मळमळ, रात्री घाम, आणि जांभया. जांभई हाही साइड इफेक्ट असतो हे मला खरंच वाटलं नसतं, पण मीटिंगमध्ये बॉस बोलत असताना मी एका मागून एक जांभया देतेय आणि थांबवता येत नाहीयेत, असं झालं. मॅडमनी आधीच बजावलं होतं की त्रास पहिल्या आठवड्यापासून सुरू होतो आणि फायदा दिसायला चार ते सहा आठवडे जातात, तेव्हा मधेच सोडून देऊ नका, आणि बेचैनी एकदम वाढली किंवा जिवाचं काही बरंवाईट करून घ्यावंसं वाटलं तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, लगेच फोन करायचा. तसं काही झालं नाही. पाचव्या आठवड्यात एके सकाळी मी आंघोळ करून केस विंचरून खिडकीशी उभी होते आणि लक्षात आलं की आज हे सगळं आपण ठरवून केलं नाही, आपोआप झालं. गोळी लागू पडली होती. जानेवारी ते जून तसे बरेच बरे गेले.

९ जुलैला मी जवळच्या चष्म्याचा नंबर काढायला गेले. एवढंच काम होतं. डॉक्टरांनी डोळ्यात पिवळा थेंब टाकला, निळा दिवा अगदी बुबुळाला टेकवला, थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, मग पुन्हा एकदा मोजलं. उजव्या डोळ्याचं प्रेशर २७, डाव्याचं २५. साधारण १० ते २१ नॉर्मल धरतात. मागची नसही थोडी खोलगट दिसतेय म्हणाले, काचबिंदू असू शकतो, पुढच्या तपासण्या कराव्या लागतील. मी म्हटलं, “म्हणजे ऑपरेशन करून नवी लेन्स टाकतात तो ना?” ते म्हणाले तो मोतीबिंदू. मोतीबिंदूत गेलेली नजर ऑपरेशनने परत येते, काचबिंदूत गेलेली नजर येत नाही, जी आहे ती राखायची. हे वाक्य ऐकल्यावर पुढचं मला काहीच ऐकू आलं नाही.

आणि इथेच मी माझी मोठी चूक केली. तपासण्यांची तारीख घ्यायला काउंटरवर गेले तर तिथला मुलगा फॉर्म भरून घेत होता. मागे सात-आठ माणसं. तो मोठ्या आवाजात विचारतोय, “बीपी? शुगर? दमा? हार्ट? आणखी काही गोळ्या?” आणि मी सगळ्याला जसं ‘नाही’ म्हटलं तसंच शेवटच्यालाही ‘नाही’ म्हटलं. सगळ्यांदेखत ‘डिप्रेशनची गोळी चालू आहे’ म्हणायला जीभ उचलली नाही. शिवाय डोळ्याचा आणि मनाच्या गोळीचा काय संबंध, असंही वाटलं. अर्धं हे कारण आणि अर्धी लाज, खरं सांगायचं तर लाज जास्त.

घरी येऊन मात्र रात्री गोळीच्या डब्यातला तो कागद काढला, मुंगीएवढ्या अक्षरातला. त्यात लिहिलेलं, काचबिंदू असल्यास डॉक्टरांना सांगा, काळजीपूर्वक वापर करावा. बस. कोणता काचबिंदू, कसली काळजी, काही नाही. रात्री अकरा वाजता अंधाऱ्या बेडरूममध्ये ते वाचल्यावर माझ्या डोक्याने सरळ हिशोब केला की या गोळीनेच माझे डोळे घालवले. दुसऱ्या दिवसापासून गोळी बंद. कुणालाही न विचारता.

पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून डोकं गरगरायला लागलं. तिसऱ्या दिवशी मान वळवली की डोक्यात बारीक करंट लागल्यासारखा झटका, डोळे इकडून तिकडे फिरवले तरी झटका, सोबत तो ‘झ्झ’ असा काहीतरी आवाज जो फक्त आपल्यालाच ऐकू येतो. चौथ्या दिवशी मुलीने साधं “आई, चार्जर कुठंय?” विचारलं आणि मी हुंदके देऊन रडायला लागले. नवऱ्यानेच मॅडमना फोन लावला.

“गोळी बंद करायला कुणी सांगितलं?”

“कागदाने,” मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, पॅरॉक्सेटीन शरीरातून लवकर निघून जाते त्यामुळे एकदम थांबवल्यावर हा त्रास या गटातल्या बाकीच्या बऱ्याच गोळ्यांपेक्षा जास्त होतो, ती सोडायचीच असेल तर आठवडे-महिने घेऊन डोस उतरवत आणायचा असतो. आजच पुन्हा सुरू करा. आणि डोळ्याच्या डॉक्टरांना एकच प्रश्न विचारून त्याचं उत्तर लेखी आणा: अँगल उघडा आहे की अरुंद?

तो प्रश्न मला तेव्हा कळलाच नव्हता, नंतर कळला, आणि आता वाटतं सगळ्यात कामाचा तोच होता, म्हणून जरा नीट सांगते. डोळ्याच्या पुढच्या भागात सतत पाणी तयार होत असतं आणि ते बुबुळाच्या कडेला, जिथे आतला रंगीत पडदा येऊन मिळतो, त्या कोपऱ्यातल्या जाळीतून वाहून जातं. तो कोपरा म्हणजे अँगल. बऱ्याच जणांचा काचबिंदू असा असतो की कोपरा उघडा असतो पण जाळीतून निचरा मंद होतो. काही जणांचा कोपराच अरुंद असतो. आता काही औषधांनी बाहुली मोठी होते, म्हणजे तो रंगीत पडदा गोळा होऊन कडेला सरकतो. कोपरा मोकळा असेल तर त्याने सहसा फारसं बिघडत नाही. पण अरुंद असेल तर मोरीच्या जाळीवर ओलं फडकं येऊन बसावं तसं होतं, पाणी तुंबतं आणि प्रेशर काही तासांत भलतंच वर जाऊ शकतं. कागदावरचा इशारा मुख्यतः या दुसऱ्या प्रकारच्या लोकांसाठी असतो. आणि गंमत अशी की (गंमत कसली) यातल्या बऱ्याच लोकांना आपला कोपरा अरुंद आहे हे माहीतच नसतं, कारण तोपर्यंत काहीच दुखत नाही.

२२ जुलैला तपासण्या झाल्या. अर्धा दिवस धरून चला, आणि शक्यतो कुणाला तरी सोबत घेऊन जा, बाहुली मोठी करायचे थेंब टाकले तर पुढचे काही तास उन्हाकडे बघवत नाही आणि गाडी तर चालवताच येत नाही. आधी गोनिओस्कोपी, म्हणजे डोळा बधिर करून आरसे असलेली एक जाड लेन्स डोळ्यावर टेकवतात आणि तो कोपरा बघतात. दुखत नाही, फक्त पापणी मिटावीशी वाटते आणि मिटता येत नाही. मग बुबुळाची जाडी, कारण बुबुळ पातळ असेल तर प्रेशर खऱ्यापेक्षा कमी दिसतं आणि जाड असेल तर जास्त. मग ओसीटी, म्हणजे डोळ्याच्या मागच्या नसेचा स्कॅन, ते फोटो काढण्यासारखंच. शेवटी फील्ड टेस्ट, म्हणजे आजूबाजूचं कुठे किती दिसतं ते बघायची.

फील्ड टेस्टचा मला राग आहे. एका मोठ्या पांढऱ्या वाडग्यात हनुवटी टेकवून बसायचं, मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि कडेला कुठे बारीक दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. दिवे मुद्दाम इतके अंधुक करत नेतात की बराच वेळ काही दिसतच नाही आणि आपण आंधळे झालोय असं वाटायला लागतं. त्यात मी आदल्या रात्री टेन्शनमुळे जुनी उरलेली क्लोनाझेपाम घेतली होती, त्यामुळे सकाळी डोळे मिटत होते. रिपोर्टवर आलं, विश्वासार्ह नाही, पुन्हा करा. टेक्निशियनने विचारलं, “रात्री झोपेची गोळी वगैरे घेतली होती का?” मी पुन्हा ‘नाही’. पहिली टेस्ट बऱ्याच जणांची बिघडते म्हणे, सवय नसते म्हणून, पण माझ्या बिघडण्याचं कारण मला माहीत होतं आणि मी ते सांगितलं नाही. उरलेल्या गोळ्या मनाने घ्यायच्या नसतात हेही त्यातच आलं.

निदान झालं: ओपन अँगल, दोन्ही डोळे. मी ते कागदावर लिहून मागितलं, का ते सांगितलं नाही. टिमोलॉलचे थेंब सुरू केले, ०.५ टक्के, दिवसातून दोनदा. डॉक्टरांनी स्वतः पुन्हा विचारलं, दमा नाही ना, हृदयाचा त्रास नाही ना, कारण टिमोलॉल हा बीटा ब्लॉकर आहे, म्हणजे हृदयाचे ठोके मंदावू शकणाऱ्या गटातलं औषध, दमा असलेल्याला तो द्यायचा नसतो. ते मात्र खरंच नव्हतं. मॅडमना मी मेसेज केला, ‘अँगल उघडा आहे.’ त्यांचं उत्तर, ‘छान, मग गोळी आहे तशी चालू ठेवा.’ थेंबाचं नाव त्यांना कळवायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. थेंब म्हणजे औषध असं वाटलंच नाही हो, थेंब म्हणजे डोळा धुण्यासारखं काहीतरी.

म्हणजे बघा, एका डॉक्टरांना गोळी माहीत नाही, दुसऱ्यांना थेंब माहीत नाही, आणि दोन्ही माहीत असलेली एकच व्यक्ती म्हणजे मी, जिला यातलं काही कळत नाही.

ऑगस्ट संपता संपता थकवा सुरू झाला. आधी वाटलं पावसाळी हवा. मग दोन जिने चढताना मधल्या वळणावर थांबायला लागले. खुर्चीतून उठलं की डोळ्यापुढे काळं. रात्री चित्रविचित्र स्वप्नं, सकाळी उठावंसं न वाटणं, कुणाशी बोलावंसं न वाटणं. हे सगळं माझ्या ओळखीचं होतं, नोव्हेंबरात अगदी असंच होतं, त्यामुळे मी ठरवूनच टाकलं की डिप्रेशन परत आलं. मॅडमना १८ सप्टेंबरला तसंच सांगितलं, माझ्याच शब्दांत, निदानासकट. त्यांनी डोस ३७.५ केला. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, मी जे सांगितलं त्यावरून कुणीही तेच केलं असतं. पण एक फरक होता जो मी स्वतःही तेव्हा पकडला नाही: या वेळी रडू येत नव्हतं आणि छातीत धडधडत नव्हतं. उलट छाती फारच शांत होती.

डोस वाढवल्यावर आणखी बिघडलं. ६ ऑक्टोबरला सकाळी बाथरूममध्ये वाकून बादली उचलली आणि सरळ होताना तोल गेला, भिंतीला धरून खाली बसले. बेशुद्ध नाही पडले, पण आवाज लांबून यायला लागले. नवऱ्याने फॅमिली डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मनगट धरलं, घड्याळाकडे बघत राहिले, नेहमीसारखं पंधरा सेकंदांत सोडलं नाही, पूर्ण मिनिट मोजलं. ४४. पुन्हा मोजलं. ४४. लगेच ईसीजी. पट्टीवरचे ठोके बाकी व्यवस्थित होते, फक्त लांब लांब अंतरावर. मग त्यांनी विचारलं काय काय चालू आहे. तिथे मात्र काही लपवायचं नव्हतं, गोळी त्यांना ठाऊकच होती. मी पॅरॉक्सेटीन सांगितली, नवीन डोस सांगितला, झालं म्हटलं.

“डोळ्यात थेंब वगैरे?”

नवऱ्याने सांगितलं, “हो, काचबिंदूचे आहेत ना.”

पर्समधून बाटली काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून लेबल वाचलं आणि “अच्छा” एवढंच म्हणाले, पण त्या ‘अच्छा’ला सगळं आलं होतं.

त्यांनी समजावलं ते असं. डोळ्यात टाकलेला थेंब डोळ्यातच राहत नाही. पापणीच्या आतल्या कोपऱ्यात एक बारीक भोक असतं, त्यातून तो नाकात उतरतो आणि नाकाच्या अस्तरातून थेट रक्तात जातो. गोळी पोटातून जाते तेव्हा आधी यकृताची चाळणी लागते, थेंबाला ती पहिली चाळणी लागतच नाही. नंतर टिमोलॉल मोडीत काढायचं काम यकृतातलं एक एन्झाइम करतं, सीवायपी टू डी सिक्स असं त्याचं नाव, आणि पॅरॉक्सेटीन नेमकं तेच एन्झाइम अडवते. म्हणजे थेंब रोज आत येतोय आणि बाहेर जायचा दरवाजा अर्धा बंद. मग हृदयाचे ठोके मंदावतात, थकवा येतो, चक्कर येते, स्वप्नं पडतात, आणि हे सगळं डिप्रेशनसारखं दिसतं. त्यावर मी गोळीचा डोस वाढवून घेतला, म्हणजे दरवाजा आणखी लोटला. हे काही नवं नाही, टिमोलॉलचे थेंब १९७८ पासून वापरात आहेत आणि त्यांचा हा स्वभाव डॉक्टरांना चांगला माहीत आहे. फक्त समोरच्या पेशंटच्या पर्समध्ये दुसरी काय बाटली आहे ते माहीत हवं.

डिप्रेशनच्याच फ्लुओक्सेटीन आणि ब्युप्रोपिऑन या गोळ्याही हेच एन्झाइम चांगलंच अडवतात. सर्ट्रालिन नेहमीच्या लहान डोसला आणि एस्सिटालोप्राम त्यामानाने बरंच कमी. याचा अर्थ गोळी बदला असा नाही, याचा अर्थ टिमोलॉल सोबत असेल तर डॉक्टरांना माहीत असू द्या आणि अधूनमधून नाडी मोजा.

फॅमिली डॉक्टरांनी माझ्यासमोरच डोळ्याच्या डॉक्टरांना फोन लावला. टिमोलॉल त्याच दिवशी थांबवलं. चक्कर वाढली, छातीत दुखलं किंवा श्वास लागला तर थेट इमर्जन्सीला, असं लिहून दिलं. रोज सकाळी उठल्यावर नाडी मोजून मी कॅलेंडरवर लिहायला लागले: ४८, ५३, ५८, आणि पाचव्या दिवशी ६४. त्या दिवशी दोन्ही जिने न थांबता चढले, वर जाऊन उगाच परत खाली आले आणि पुन्हा चढले. मॅडमनी डोस परत २५ वर आणला, तोही एका झटक्यात नाही.

डोळ्याच्या डॉक्टरांसमोर जाऊन ‘मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं’ हे सांगणं मात्र नाडीपेक्षा अवघड गेलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, माझ्या पेशंटपैकी बरेच जण ही एक गोष्ट सांगत नाहीत, आणि नेमकी हीच मला हवी असते. मग त्यांनी आणखी काही नावं सांगितली जी मी तिथेच लिहून घेतली. ब्रिमोनिडीन या काचबिंदूच्याच दुसऱ्या थेंबाने सुस्ती येऊ शकते, झोपेची गोळी चालू असेल तर जास्तच, आणि डिप्रेशनची एमएओ इनहिबिटर नावाची जी जुनी औषधं आहेत त्यांच्यासोबत तो देत नाहीत. अॅसिटाझोलामाइडची गोळी (तीही डोळ्याचं प्रेशर उतरवायला देतात) मूडच्या आजारासाठीच्या लिथियमसोबत असेल तर लिथियम लघवीतून जास्त जातं, म्हणून रक्ततपासणी लागते. आणि टोपिरामेट, जे मायग्रेनसाठी आणि कधी कधी मूडसाठीही देतात, त्याचा प्रकार वेगळाच आहे: त्यात नॉर्मल अँगलच्या माणसाचाही अँगल बंद होऊ शकतो, दोन्ही डोळ्यांचा एकदम, बहुतेक वेळा पहिल्या महिन्यात, आणि आधी लांबचं अचानक धूसर दिसायला लागतं. तसं झालं तर नवा चष्मा करायला जायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

मग टिमोलॉलऐवजी लेटॅनोप्रॉस्ट सुरू झालं, रात्री एकच थेंब. एकाऐवजी दोन वेळा टाकला तर फायदा वाढत नाही, उलट कमी होतो, हे मला फार विचित्र वाटलं पण तसंच आहे. न फोडलेली बाटली फ्रीजमध्ये, फोडल्यावर खोलीत ठेवली तरी चालते पण सहा आठवड्यांत टाकून द्यायची (तुमच्या बाटलीवर चार लिहिलं असेल तर चार), म्हणून मी फोडल्याची तारीख बाटलीवर पेनाने लिहिते. मी ती फोडल्यावरही फ्रीजमध्येच ठेवते, कारण गार थेंब डोळ्यात पडला की कळतं. कोमट थेंब डोळ्यात पडला की गालावर, काही पत्ता लागत नाही.

थेंब टाकण्याबद्दल मला कुणी शिकवलं नव्हतं आणि सुरुवातीचे तीन महिने मी चुकीचंच टाकत होते. तीन-तीन थेंब, मग डोळ्यांची जोरात उघडझाप, अर्धं औषध उशीवर. बाटली महिना पुरायला हवी ती सतरा दिवसांत संपायची, आणि हा खर्च जन्मभराचा आहे, घरभाड्यासारखा. आता अशी टाकते: हात धुवायचे, पलंगावर पाठीवर झोपायचं, खालची पापणी बोटाने ओढून खिसा करायचा, बाटलीचं टोक कुठेही टेकू न देता एकच थेंब. डोळा हळू मिटायचा, उघडझाप नाही. आणि लगेच नाकाशेजारी, पापणीचा आतला कोपरा जिथे संपतो तिथे, तर्जनीने दाबून धरायचं. दोन मिनिटं. मी मनात एकशेवीस मोजते. तिथेच ते नाकात उतरायचं भोक आहे. टिमोलॉलच्या वेळी माझ्या घशात नंतर कडवट चव यायची, ती चव म्हणजे औषध खाली उतरल्याची पावती होती आणि मला ते माहीत नव्हतं. बोट दाबायला कुणी जुलैतच शिकवलं असतं तर कदाचित नाडी एवढी उतरली नसती. दोन प्रकारचे थेंब असतील तर मध्ये निदान पाच मिनिटं सोडायची, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन टाकतो. कॉन्टॅक्ट लेन्स आधी काढायच्या आणि पंधरा मिनिटांनी घालायच्या.

लेटॅनोप्रॉस्टचेही त्रास आहेतच. पहिले तीन आठवडे डोळे लाल, ऑफिसात दोघांनी विचारलं रडून आलीस का. पापण्यांचे केस लांब आणि काळे झाले, याबद्दल माझी काही तक्रार नाही. डोळ्याखालची त्वचा थोडी काळवंडली, ती थेंब टाकल्यावर जास्तीचं लगेच टिपून घ्यायला लागल्यावर कमी वाटते. घाऱ्या डोळ्यांचा रंग कायमचा गडद होऊ शकतो, माझे मुळातच काळे. हे थेंब टिमोलॉलपेक्षा महाग पडतात, जेनेरिक चालेल का असं मी स्पष्ट विचारलं आणि चाललं. खर्चापायी दिवस गाळू नका, विचारा.

२० नोव्हेंबरला प्रेशर १८ आणि १७.

मधेच दिवाणखान्यात हे सगळं सांगत असताना बहिणीच्या सासूबाईंचा विषय निघाला. त्यांना पाठदुखी आणि झोपेसाठी रात्री अमिट्रिप्टिलिन ही डिप्रेशनचीच एक जुनी गोळी चालू केली होती. तीन आठवड्यांनी एका रात्री कपाळ फुटेल असं दुखायला लागलं, दोन उलट्या, दिव्याभोवती रंगीत कडी दिसायला लागली. घरच्यांनी पित्त समजून रात्र काढली. सकाळी डोळा लालभडक आणि समोरचं धुरकट. तो अँगल बंद झाल्याचा अॅटॅक होता. प्रेशर उतरवून मग दोन्ही डोळ्यांच्या रंगीत पडद्याला लेसरने बारीक भोक पाडलं, काही मिनिटांचं काम, म्हणजे पाण्याला पर्यायी वाट. नजर बरीचशी वाचली, सगळी नाही. डोळा दुखतोय, लाल आहे, कडी दिसतायत आणि उलटी होतेय, हे एकत्र आलं तर ते पित्तही नाही आणि मायग्रेनही नाही असं धरून रात्रीच निघा. अमिट्रिप्टिलिनच्या गटातल्या गोळ्या, मानसिक आजाराच्या औषधांनी येणारा ताठरपणा घालवायला देतात ती ट्रायहेक्सिफेनिडिल, सर्दी-अॅलर्जीच्या आणि गाडी लागू नये म्हणून घ्यायच्या काही गोळ्या, या सगळ्या अरुंद अँगलवाल्यांनी विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. लेसर होऊन अँगल मोकळा झाल्यावर यातल्या बऱ्याच चालतात, पण ते डोळ्याच्या डॉक्टरांनी म्हणायचं, आपण नाही.

आता माझ्या पर्समध्ये एक घडी घातलेला कागद असतो. वर ‘ओपन अँगल, दोन्ही डोळे’. खाली गोळीचं नाव, डोस, कधीपासून, कशासाठी. त्याखाली थेंबाचं नाव, कोणता डोळा, किती वाजता. त्याखाली लाल पेनने: ‘टिमोलॉलने नाडी ४४.’ डेंटिस्टकडेही तोच दाखवते, केमिस्टकडेही. त्याचा फोटो नवऱ्याच्या मोबाईलमध्ये आहे.

फील्ड टेस्ट जानेवारीत पुन्हा केली, या वेळी झोप पूर्ण करून, सकाळची वेळ मागून. विश्वासार्ह आली. उजव्या डोळ्यात नाकाच्या बाजूला वर नजरेचा एक छोटा तुकडा गेलाय, डावा ठीक. त्या तुकड्याने मला रोजच्या जगण्यात काहीही कमी दिसत नाही, हीच त्यातली वाईट गोष्ट आहे. थेंबांऐवजी लेसरचा एक पर्याय आहे, एसएलटी म्हणतात, तो डॉक्टरांनी सुचवलाय, अजून ठरवलेलं नाही.

मार्चमधल्या तपासणीला काउंटरवर तोच मुलगा होता. मागे नेहमीसारखीच रांग. “बीपी? शुगर? दमा? हार्ट? आणखी काही गोळ्या?”

मी कागद पुढे केला. तो बघून कॉम्प्युटरवर टाईप करायला लागला आणि अडला.

“मॅडम, हे काय आहे? पॅरा...”

“पॅरॉक्सेटीन,” मी म्हटलं. “डिप्रेशनची आहे. पी, ए, आर, ओ, एक्स...”

मागचे एक काका पुढे वाकून बघत होते. मी पुढची अक्षरं सांगत राहिले.